नर्मदेची ओहोटी

पाण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! इतर बाबतीत या. स्वयंपाक, इंग्रजी, शेअर बाजार, योगासनं, काय हवं ते शिकवा, मी मान खाली घालून ऐकेन. पण पाणी? अहो, आमच्या रेवसच्या खाडीवर पोर चालायला लागायच्या आधी भरती-ओहोटी ओळखतं! माझे आजोबा मिठागरावर होते. खाडीचं पाणी केव्हा आत घ्यायचं आणि केव्हा फळी टाकून अडवायचं, हे त्यांना घड्याळाशिवाय कळायचं. आता मिठागर गेलं आणि माझे दोन ट्रेलर बंदरात फिरतात, पण रक्तातलं मीठ कुठे जातंय?

पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमाराला पुरी भरती आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुरी ओहोटी. मधल्या तिथींना वेळ थोडी थोडी पुढे सरकवत न्यायची. हे गणित आमच्याकडे शेंबडं पोरही तोंडी करतं. आमच्या गावात लग्नाचा मुहूर्त टळेल, पण ओहोटीची वेळ टळायची नाही.

तर गेल्या माघात सासू-सासऱ्यांना घेऊन नद्या, धबधबे आणि काठावरची देवळं बघायला जायचं ठरलं, तेव्हा मी गाडीची चावी बोटाभोवती फिरवत बायकोला म्हणालो, "अमिषा, ही ट्रिप डोळे मिटून माझ्यावर सोड. नद्या म्हणजे आपलं अंगण!"

अमिषा म्हणाली, "तू असा छाती फुगवून बोललास ना, की मला पोटात कसंतरी होतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाईला माझ्या आत्मविश्वासाची सवय होत नाही.

ट्रिप खरं तर नवसाची होती. आदल्या वर्षी माझे सासरे, दत्तात्रेयमामा, छातीत कळ येऊन पनवेलच्या हॉस्पिटलात पडले होते. वाचतात की नाही अशी अवस्था होती. शेजारच्या खाटेवर एक पेशंट होता, त्याची बायको नर्मदेकाठची. तिने माझ्या सासूबाईंना, म्हणजे कमळमामींना, आपल्या गावच्या देवीबद्दल सांगितलं. नदीच्या मधोमध खडक, खडकावर देऊळ, आणि देवी म्हणे नवसाला पावणारी. मामींनी तिथल्या तिथे, सलाइनच्या स्टँडसमोर हात जोडले. "माय, यांना उठवून घरी धाड. माघी पुनवेला येऊन तुजी ओटी भरीन." आणि मामा उठले! त्यात डॉक्टरांचाही थोडा हात असेल, पण श्रेय देवीच्या खात्यात जमा झालं.

मामींनी ओटीची तयारी वर्षभर केली. हिरवं लुगडं, घरच्या माडाचा नारळ, शेतातले तांदूळ, श्रीवर्धनला दिलेल्या धाकट्या लेकीने पाठवलेली सुपारी. ती पिशवी त्यांनी अख्ख्या प्रवासात मांडीवरून खाली ठेवली नाही. मी एकदा म्हणालो, "मामी, मागे डिकीत ठेवतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वायपर चालू केला. पाऊस नव्हता.

आधीचा प्रवास झकास झाला. नाशिकला गोदावरी, मग ओंकारेश्वर, मग भेडाघाटचा धबधबा. लोक फोटो काढत होते आणि आमचे मामा प्रत्येक नदीचं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावून बघत होते. त्यांचंही अर्धं आयुष्य मिठागरावर गेलेलं, सवय जात नाही! गोदावरीला म्हणाले, "गोरा हाय." गोरा म्हणजे गोडा. भेडाघाटला तर त्यांना वाईटच वाटलं. एवढा प्रचंड धबधबा, तुषार आमच्या गाडीपर्यंत येतायत, बायाबापड्या हात जोडून उभ्या आहेत, आणि मामा कमरेवर हात ठेवून म्हणतात, "जल्ला, एवरा पानी आनि मूठभर मीठ नाय! काय उपेग?"

परतीच्या वाटेवर पौर्णिमेच्या दिवशी आम्ही देवीच्या गावात पोहोचलो. गावाचं नाव सांगत नाही. तिथे माझी आठवण काढणारे लोक अजून आहेत. घाट सुंदर होता. रुंद पायऱ्या, पलीकडे हिरवीगार शेतं, आणि मधोमध काळ्या खडकावर पांढरं देऊळ. माघी पौर्णिमेची गर्दी होती. मामींनी देवळाकडे बघून हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सकाळपासून त्यांनी तोंडात काही घातलं नव्हतं. ओटी भरल्याशिवाय पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असा पण होता.

"माई को ले चलें साहब?" खांद्यावर गमछा टाकलेला एक नावाडी पुढे आला. "पाँच मिनट में उस पार."

मी हसलो. घड्याळ बघितलं. बारा वाजत आले होते. पाणी पायऱ्यांना चाटत होतं. म्हणजे पुरी भरती! देऊळ आणि घाट यांच्यामध्ये पाण्याखाली खडकांची रांग अंधूक दिसत होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. समुद्रातल्या किल्ल्याला आम्ही ओहोटीला चालत जातो की नाही? मग?

"नाव किसलिए?" मी म्हणालो. "शाम को पानी उतरेगा. चलके जायेंगे."

नावाड्याने नदीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "पानी उतरेगा?"

"उतरेगा ना! आज पूनम है."

"पूनम को उतरता है?"

"हमारे इधर तो कभी चुकता नहीं!"

आता वाचकहो, तुम्ही मनातल्या मनात हसत असाल. पण आमच्यापैकी एकालाही शंका आली नाही, हे लक्षात घ्या! खाडीला मिळते ती नदी, आणि नदी म्हटली की ती दिवसातून दोनदा चढते नि दोनदा उतरते, हे आम्ही जन्मल्यापासून बघतोय. न चढणारी-उतरणारी नदी आम्हाला कोणी दाखवलीच नव्हती. आधीच्या नद्यांवर आम्ही फोटो काढण्यापुरते थांबलो होतो, तेवढ्यात काय कळणार? मामांनी तर लगेच दुजोरा दिला. "बरोबर बोलतो परेश. आज उधान हाय. सुकती पन तशीच व्हनार. पार तल दिसल." सुकती म्हणजे ओहोटी.

"मला बाई होडीने जायला काही हरकत वाटत नाही," अमिषा म्हणाली.

"खाडीवरची माणसं आपण! गोड्या पाण्यात होडीत बसून जायचं? आणि मामींचा नवस चालत गेलो तर जास्तच पावेल."

मामींनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. पिशवी छातीशी धरली. "जावई बोलतान म्हंजे खरा आसल. थांबू."

त्या एवढ्या विश्वासाने बोलल्या की मला भरून आलं. मी गाडी खाली रेताडावर नेऊन लावली. पाणी लांबच जाणार होतं ना! काठावर चिखल नव्हता, तिवरं नव्हती, दगडांना एकही कालव चिकटलेलं नव्हतं. मला वाटलं, वा, इथल्या लोकांनी घाट काय स्वच्छ ठेवलाय!

आम्ही चटई पसरून बसलो. नावाडी चहाच्या टपरीवर गेला. तो चहावाल्याला काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण चहावाल्याने पातेल्यात डोकावायचं सोडून माझ्याकडे पाहिलं. मग चहावाल्याने फुलवालीला सांगितलं. फुलवालीने नारळवाल्याला सांगितलं. थोड्या वेळाने दोन बायका आल्या, आमच्या चटईपासून अदबीने जरा लांब बसल्या आणि एकीने विचारलं, "महाराज, मैया सच में रास्ता देंगी?"

मला 'महाराज' म्हटलेलं आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी मला 'ए ऐक' म्हणतात. मी म्हणालो, "देगी ना! छे बजे देखो आप."

चूक झाली ती इथे. नाही, चूक आधीच झाली होती. इथे ती पसरली.

दोनच्या सुमाराला आमच्याभोवती शंभरेक माणसं जमली. बंबईहून कोणी महाराज आलेत, ते आज संध्याकाळी मैयाला रस्ता द्यायला लावणार आहेत, अशी बातमी पंचक्रोशीत पोहोचली होती. ट्रॅक्टर भरून लोक येत होते. चहावाल्याने दुसरी शेगडी पेटवली. एका आजीने माझ्या पायांवर डोकं ठेवून नातवाच्या नोकरीचं विचारलं. मी म्हणालो, "लगेगा, लगेगा." अमिषाने मला मागून चिमटा काढला.

"सांग त्यांना! तू ट्रेलरवाला आहेस म्हणून सांग!"

"अगं, मी चमत्कार म्हणालोच नाही. मी विज्ञान सांगतोय!"

मामा तर रंगात आले होते. त्यांनी काडी घेऊन वाळूत सूर्य, चंद्र आणि मिठागर काढलं होतं आणि भोवतीच्या मंडळींना आपल्या हिंदीत समजावत होते. "ये चंद्र हाय. ये पानी को वडता हाय. समझा?" सगळे माना हलवत होते. एकाने वाळूतल्या चंद्राला फूल वाहिलं.

होड्यांचा धंदा मात्र ठप्प! संध्याकाळी फुकटात चालत जायला मिळतंय म्हटल्यावर होडीत बसतो कोण? आमचा नावाडी होडीच्या टोकावर बसून मला डोळ्यांनी भाजत होता. बेटावर पुजारीबुवा एकटेच. त्यांनी शेवटी कर्ण्यावरून घोषणा केली, "भक्तगण कृपया नाव से आयें! नाव से आयें!" त्यावर घाटावरून शेकडो गळ्यांनी उत्तर गेलं, "नर्मदे हर!" आणि कोणीही हललं नाही.

आणि मग, तीन-साडेतीनला, पाणी उतरलं!

खोटं सांगत नाही. टीचभरच, पण उतरलं! पाण्याखालची एक पायरी ओली चमकत वर आली. जो गजर झाला म्हणता! माझ्या गळ्यात झेंडूच्या तीन माळा पडल्या. मामांनी मांडीवर थाप मारली. "बोललेलो ना? लागली सुकती!" मी अमिषाकडे पाहिलं. तिच्याही चेहऱ्यावर, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, आपला नवरा बरोबर असू शकतो अशी शंका उमटली होती. तो क्षण मी जपून ठेवलाय. तसा दुसरा आलेला नाही.

मामी मात्र गजरात नव्हत्या. त्या पायरीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ पार सुकलेले. मी जवळ जाऊन म्हणालो, "मामी, आता थोडंच. एक घोट पाणी घ्या ना." त्यांनी मान हलवली. "हा मानूस मना परत दिला तिनी," मामांकडे बोट करून त्या म्हणाल्या, "तिच्या पायाला हात लावल्याबगर कसा पानी पिऊ?" मामा तेव्हा एका सरपंचाला भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती समजावत होते. बायको कशासाठी उपाशी आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्या माणसाला आपण मरता मरता वाचलोय हे लक्षातच राहत नाही. मी पहिल्यांदाच नदीकडे जरा काळजीने पाहिलं.

चार वाजले. पाणी तिथेच. पाच वाजले. पाणी तिथेच. मी पायरीवर खडूने रेघ मारून ठेवली होती, ती जागची हलेना. म्हणजे पाणी हलेना.

"काय रं, अरकला कुठं?" मामा हळूच म्हणाले.

"उतरेल, उतरेल. इथे उतार कमी असेल."

सूर्य झाडांच्या टोकांना टेकायला आला. सगळा घाट माझ्याकडे बघत होता. आणि नेमक्या पुऱ्या ओहोटीच्या वेळेला नदीच्या वरच्या अंगाने भोंगा वाजला. लांबलचक, घसा बसलेला भोंगा! मागोमाग एक पोलीस शिट्ट्या फुंकत पायऱ्या उतरला.

"चलो, ऊपर चलो सब! बाँध से पानी छोड़ रहे हैं! घंटे भर में चढ़ेगा!"

मामा ताडकन उठले. "पानी कोन सोरतंय? धरनवाला? मंग हितं चंद्राचा काय चालत नाय?"

मी पोलिसाला बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या आत्मविश्वासाने विचारलं, "साब, वो दोपहर को जो पानी उतरा था..."

"बाँध का गेट बंद था."

"और समुंदर का जो भरती-उतरती..."

"समुंदर?" पोलिसाने माझ्याकडे, मग आजूबाजूला पाहिलं. "समुंदर इधर कहाँ है भाई?"

मीही आजूबाजूला पाहिलं. गव्हाची शेतं. एक ट्रॅक्टर. दोन म्हशी. समुद्र खरंच कुठेच नव्हता! तो आम्ही दोन दिवसांच्या गाडीरस्त्यावर मागे ठेवून आलो होतो, आणि हे अख्ख्या दिवसात माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. पुजारीबुवांनी कर्ण्यावरून सांगितलं की पाणी चढायच्या आत देऊळ बंद होईल. म्हणजे पौर्णिमा संपली, नवस राहिला! मामींचं वर्षभराचं लुगडं, नारळ, तांदूळ, सुपारी, आणि दिवसभराचा कोरडा घसा, सगळं माझ्या ओहोटीत वाहून चाललं होतं. मला मामींकडे बघायचं धाडस होईना.

पण मामी उठल्या होत्या. पदर खोचला, पिशवी डोक्यावर घेतली आणि सरळ पायऱ्या उतरून नावाड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना हिंदीचा शब्द येत नाही. त्याला आमच्या बोलीचा शब्द येत नव्हता.

"चल रं बाबा," मामी म्हणाल्या.

"बैठो माई," नावाडी म्हणाला.

झालं! दुपारपासून एवढंच करायचं होतं!

पोलीस म्हणाला, "एक फेरा. जल्दी." आणि मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. शेकडो माणसं होड्यांकडे धावली. बांधून ठेवलेल्या होड्यासुद्धा बाहेर निघाल्या. अमिषा चढली, मामा चढले, मी पाय उचलला, तोच मिशीवाल्या एका धिप्पाड गृहस्थाने माझा दंड धरला. मी त्याच्या डोळ्यांत दया शोधली. ती नव्हती.

"महाराज, आप कहाँ? आप तो पैदल जायेंगे ना!"

घाटभर हशा पिकला. माझी होडी गेली. अमिषा होडीतून माझा व्हिडिओ काढत होती.

मी एकटा पायरीवर, गळ्यात तीन माळा. तेवढ्यात पाणी चढायला लागलं आणि मला आठवलं, गाडी! ती खाली रेताडावर, लांब जाणाऱ्या पाण्याच्या भरवशावर! धावत गेलो तर पुढची चाकं ओल्या वाळूत रुतलेली. शेवटी त्याच मिशीवाल्याने आणि त्याच्या मंडळींनी होडीचा दोर बांधून, 'नर्मदे हर'च्या तालावर गाडी वर ओढली. वर आल्यावर त्याने माझ्या गळ्यातल्या माळा काढल्या आणि गाडीला घातल्या. त्याचं म्हणणं होतं, गाडीने निदान काहीतरी करून दाखवलं.

भरभरून गेलेल्या होड्या परत आल्या. आमच्या नावाड्याने अशी कमाई कधी पाहिली नव्हती. त्याने माझा हात हातात घेऊन दाबला. "साहब, अगली पूनम को फिर आना. जरूर आना!"

मामी उतरल्या. त्यांचा चेहरा इतका शांत होता की माझे डोळे भरून आले. त्यांनी पायरीवर बसून नर्मदेचं पाणी ओंजळीत घेतलं आणि पोटभर प्यायल्या. शेजारी मामाही बसले. या खेपेला त्यांनी पाणी जिभेला लावून पाहिलं नाही, नुसते मामींकडे बघत राहिले.

"मामी, चुकलंच माझं," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

"नाय रं पोरा. भरली ना ओटी? लुगरा नेसवला देवीला, मी सोता." त्यांनी माझ्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला. "तुज्यासाटी पन मागलाय तिच्याकरं. नवा नवस बोललंय."

मी विरघळलो. "माझ्यासाठी? काय मागितलंत?"

"बोललू, माय, आमच्या जावयाला अक्कल दे. दिलीस की लगेच येऊन दुसरी ओटी भरीन."

वर्ष होत आलंय. माघी पौर्णिमा तोंडावर आली आहे. गाडी धुऊन, टाकी भरून तयार आहे. मी रोज फोन करून विचारतो, "मामी, कधी निघायचं?" आणि मामी रोज म्हणतात, "थांब रं, घाई काय हाय? अजून येल हाय."